क्युबाच्या हलक्या वजनाचा जड हिशेब

ऑलिंपिकमध्ये हरलेले जगज्जेते झाले, जिंकलेले मात्र मागे राहिले. साठ किलोंच्या आतबाहेरील क्युबन मुष्टियोद्ध्यांच्या वादात धाराशिवसारख्या जिल्ह्यानेही लक्ष घालावे असे बरेच काही आहे

धाराशिव : गावजत्रेत कुस्त्यांचा फड भरला की धूळ केवळ हौद्यात उडत नाही, कडेला बसलेल्या शौकिनांच्या चर्चेतही उडते. कोणाची जोड कोणाशी लावावी, कोणता पैलवान मोठ्या नावाची कुस्ती टाळतो, गुणांवर मिळालेला विजय खरा मानावा की प्रतिस्पर्धी चितपट झाल्याशिवाय कुस्ती निकाली म्हणूच नये, या प्रश्नांवर परंड्यापासून उमरग्यापर्यंत जाणत्यांचे एकमत होणे दुर्मीळच. वस्ताद एक सांगतात, पोरे दुसरेच म्हणतात आणि पुढच्या जत्रेपर्यंत वाद पुरतो.

नेमका हाच वाद मुष्टियुद्धाच्या जगात गेली अनेक दशके एका बेटाच्या नावाने सुरू आहे. ते बेट म्हणजे क्युबा. ऑलिंपिकमध्ये या देशाचे मुष्टियोद्धे, त्यातही हलक्या वजनाचे, प्रतिस्पर्ध्याला हात लावू देत नाहीत. तेच योद्धे व्यावसायिक रिंगणात उतरले की मात्र त्यांची वाटचाल कधी अडखळते, कधी अर्ध्यावर थांबते. मग चाहत्यांचे दोन तट पडतात. एका तटाच्या मते क्युबन योद्धा तीन फेऱ्यांचा राजा असतो. बारा फेऱ्यांचा दमसास त्याच्याकडे नसतो. दुसऱ्या तटाच्या मते जगात त्याच्याइतका शिकलेला योद्धा नाही, त्याला योग्य जोड मिळत नाही एवढेच.

दोन्ही तटांकडे उदाहरणांची वाण नाही. तथापि निकाल, वर्षे आणि वजने एकापुढे एक मांडून पाहिली, तर दमसास आणि कौशल्य या दोन्हींपेक्षा वेगळेच कारण समोर येते. क्युबन योद्ध्याचे नुकसान प्रामुख्याने वेळेने आणि वजनाने केले आहे.

सुवर्णाची खाण

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये क्युबाने मुष्टियुद्धातील पहिली ३ सुवर्णपदके जिंकली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत ही संख्या ४२ वर गेली. १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिकवर या देशाने बहिष्कार टाकला नसता तर ती आणखी वाढली असती. सारी लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, अर्थकारण साखरेभोवती फिरलेले, वर अमेरिकेचे निर्बंध. अशा देशाची ही कमाई आहे.

या कमाईत हलक्या वजनांचा वाटा मोठा आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये क्युबाने ५ सुवर्णपदके मिळवली, त्यांपैकी ४ साठ किलो व त्याखालील गटांतील होती. ४८ किलोत यान बार्थेलेमी, ५१ किलोत युरिओर्किस गांबोआ, ५४ किलोत गिलेर्मो रिगोंदो आणि ६० किलोत मारिओ किंदेलान. रिगोंदो आणि किंदेलान यांनी त्याआधी २००० मध्ये सिडनीतही सुवर्ण जिंकले होते.

ही किमया एखाद्या वस्तादाच्या तालमीची नव्हती. क्रांतीनंतर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी क्रीडासंस्थेने मुलांच्या शाळेपासून राष्ट्रीय संघापर्यंत एक शिडी उभी केली. प्रांतांमधील क्रीडाशाळांत लहानपणीच मुले निवडायची, त्यांना पायांची हालचाल, अंतराचा अंदाज आणि बचाव शिकवायचा, ठोशाची ताकद नंतर पाहायची, असा हा क्रम. अल्सिदेस सागारा यांच्यासारख्या प्रशिक्षकाने राष्ट्रीय संघ अनेक दशके घडवला. हलक्या वजनाच्या योद्ध्याला हा क्रम विशेष मानवला, कारण तेथे एका ठोशाने लढत संपण्याचा संभव कमी आणि चपळाईला मोल अधिक असते.

मात्र या शिडीच्या शेवटच्या पायरीवर कुलूप होते. १९६२ पासून क्युबात व्यावसायिक मुष्टियुद्धावर बंदी आली. त्याआधी हा देश व्यावसायिक रिंगणातही मागे नव्हता. ‘किड चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध असलेला एलिखिओ सार्दिन्यास १९३१ मध्ये १३० पौंडांच्या गटात जगज्जेता झाला. तो क्युबाचा पहिला व्यावसायिक विश्वविजेता. बंदीनंतर देश सोडलेला उल्तिमिनिओ रामोस १९६३ मध्ये १२६ पौंडांचा जगज्जेता झाला. बारा-पंधरा फेऱ्यांचा दमसास क्युबन रक्तातच नाही, हा आक्षेप या दोन नावांपाशीच लंगडा पडतो.

पराभूत आधी पोहोचला

खरा प्रश्न वेळेचा आहे आणि तो समजण्यासाठी ऑलिंपिकच्या अंतिम लढतींत क्युबन योद्ध्यांकडून हरलेल्यांचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ५४ किलोच्या अंतिम लढतीत क्युबाच्या योएल कासामायोरने आयर्लंडच्या वेन मॅकॅलाला हरवले. मॅकॅला व्यावसायिक झाला आणि तीनच वर्षांत, १९९५ मध्ये, त्याने जागतिक विजेतेपदाचा पट्टा मिळवला. त्या वेळी कासामायोर अजून हौशी संघातच होता. अटलांटा ऑलिंपिकच्या तोंडावर, १९९६ मध्ये, त्याने संघ सोडला आणि व्यावसायिक पदार्पण केले तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्याला विश्वविजेतेपद मिळायला २००० साल उजाडले.

मारिओ किंदेलानची कथा तर अधिकच बोलकी आहे. सिडनीच्या अंतिम लढतीत त्याने युक्रेनच्या आंद्रिय कोतेल्निकला हरवले, अथेन्सच्या अंतिम लढतीत ब्रिटनच्या सतरा वर्षांच्या आमिर खानला. खानने २००५ मध्ये किंदेलानवर एक विजय मिळवून परतफेड केली आणि तो व्यावसायिक झाला. पुढे कोतेल्निक २००८ मध्ये १४० पौंडांत विश्वविजेता झाला आणि जुलै २००९ मध्ये मँचेस्टर येथे आमिर खानने त्याच्याकडूनच तो पट्टा हिसकावला. म्हणजे एका जागतिक विजेतेपदासाठी समोरासमोर आलेले दोघेही किंदेलानकडून ऑलिंपिकची अंतिम लढत हरलेले होते. किंदेलान स्वतः मात्र जागतिक पट्ट्यापर्यंत कधी पोहोचलाच नाही.

योगायोग म्हणून हे सोडून द्यावे, तर सोळा वर्षांनी त्याची जशीच्या तशी पुनरावृत्ती झाली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्युबाच्या रोनिएल इग्लेसियासने युक्रेनच्या डेनिस बेरिंचिकला अंतिम लढतीत नमवले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत क्युबाच्या अँडी क्रूझने अमेरिकेच्या कीशॉन डेव्हिसला हरवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १३५ पौंडांच्या जागतिक पट्ट्यासाठी जी लढत झाली ती याच बेरिंचिक आणि डेव्हिस यांच्यात. डेव्हिसने ती चौथ्या फेरीत संपवली. ज्यांनी या दोघांना हरवून सुवर्ण जिंकले होते, त्यांपैकी इग्लेसियास जागतिक पट्ट्याच्या वाटेवर कधी आलाच नाही आणि क्रूझ त्या वेळी पहिल्या संधीसाठी रांगेत उभा होता.

सर्वांत ठळक उदाहरण रोबेइसी रामिरेझचे. लंडनमध्ये ५२ किलोत आणि रिओमध्ये ५६ किलोत, अशी त्याने दोन सुवर्णपदके जिंकली. रिओच्या अंतिम लढतीत त्याने हरवलेला अमेरिकेचा शकूर स्टीव्हन्सन तेव्हा १९ वर्षांचा होता. स्टीव्हन्सन २०१७ मध्ये व्यावसायिक झाला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये १२६ पौंडांचा विश्वविजेताही झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रामिरेझने व्यावसायिक पदार्पण केले आणि पहिल्याच, अवघ्या चार फेऱ्यांच्या लढतीत तो हरला. स्टीव्हन्सनने मिळवलेल्या त्याच संघटनेचा, त्याच वजनाचा पट्टा रामिरेझने एप्रिल २०२३ मध्ये जिंकला. रिओत ज्याच्या मागे स्टीव्हन्सन होता, तो आता स्टीव्हन्सनच्या साडेतीन वर्षे मागे होता.

या सर्व उदाहरणांत हरलेला योद्धा जिंकलेल्यापेक्षा सरस होता असे कोणी म्हणणार नाही. त्याला वेळ मिळाला, एवढाच फरक. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी व्यावसायिक झालेल्या तरुणाला चार, सहा, आठ, दहा फेऱ्यांच्या लढतींतून बारा फेऱ्यांपर्यंत हळूहळू चढता येते. वस्ताद जसे पोराला आधी नारळावरच्या कुस्त्या लढवतात, मग शंभर-पाचशेच्या, आणि हाड पक्के झाल्यावरच मोठ्या पैलवानाशी जोड लावतात, तसाच हा क्रम आहे. रिगोंदो २००९ मध्ये व्यावसायिक झाला तेव्हा २८ वर्षांचा होता. क्रूझने २०२३ मध्ये पदार्पण केले तेव्हा तो २८ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. तीन वेळा जगज्जेता ठरलेला लाझारो आल्वारेझ २०२२ मध्ये व्यावसायिक लढतीत उतरला तेव्हा एकतिशी उलटली होती. हलक्या वजनाचे मोठे भांडवल म्हणजे पायांची चपळाई, आणि तिशीनंतर ते भांडवल वेगाने आटते. जड वजनाचा योद्धा पस्तिशीतही एका ठोशावर तरून जातो; ५५ किलोच्या योद्ध्याला ती सोय नसते.

निकाली की गुणांवर?

उशिरा आलेल्या योद्ध्याला लवकर मोठी जोड मिळाली तर निभावते. क्युबन योद्ध्यांच्या बाबतीत तेथेही गाडे अडते, आणि त्याचे कारण प्रेक्षक आहेत.

एप्रिल २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रिगोंदोने १२२ पौंडांत फिलिपिन्सच्या नोनितो दोनेरला एकमताच्या कौलावर हरवले. दोनेर हा २०१२ चा अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्धा म्हणून गौरवलेला होता. दहाव्या फेरीत रिगोंदो एकदा खाली बसला, एवढा अपवाद सोडता दोनेरला त्याने जवळ येऊ दिले नाही. तांत्रिक दृष्टीने हा उच्च प्रतीचा विजय होता. परंतु ज्या रात्री त्याचा भाव वाढायला हवा होता त्याच रात्री तो घसरू लागला. प्रेक्षागृहात शिट्ट्या झाल्या, दूरचित्रवाहिन्यांचा उत्साह मावळला आणि मोठ्या नावांनी त्याच्याशी जोड टाळली. हरण्याची शक्यता मोठी आणि पैसा थोडा, अशी कुस्ती कोणता मल्ल आनंदाने स्वीकारील?

फडावरचा अनुभव असलेल्या कोणालाही हे नवे वाटणार नाही. पट काढून, ताबा घेऊन, गुण जमवून जिंकणाऱ्या पैलवानाला पंच हात उंचावून विजयी करतात. पण फेटा उडतो तो चितपट करणाऱ्यासाठी. क्युबाची शाळा पंचांसाठी लढायला शिकवते, व्यावसायिक मुष्टियुद्ध तिकिटावर चालते. रामिरेझने हे ओळखून आपली शैली अधिक आक्रमक केली. त्याची किंमतही त्याला मोजावी लागली, कारण अंगावर जाणारा योद्धा मारही अधिक खातो.

वजनाचे गणित

तिसरी अडचण वजनकाट्याची आहे. ऑलिंपिकमध्ये लढतीच्या दिवशी सकाळी वजन केले जाते. पॅरिसमध्ये विनेश फोगटला दुसऱ्या दिवशीच्या वजनात अवघे १०० ग्रॅम नडले, ते कुस्तीतील याच पद्धतीमुळे. अशा पद्धतीत योद्ध्याला आपल्या नैसर्गिक वजनाच्या जवळ राहणे भाग पडते. व्यावसायिक मुष्टियुद्धात वजन साधारणपणे आदल्या दिवशी होते. त्यामुळे मोठ्या चणीचा योद्धा शरीरातील पाणी उतरवून हलक्या गटात बसतो आणि रात्रभरात पुन्हा काही किलो वजन भरून रिंगणात येतो. कागदावर दोघे १२६ पौंडांचे, म्हणजे सुमारे ५७ किलोंचे. प्रत्यक्षात मात्र एक थोराड आणि एक लहानखुरा.

डिसेंबर २०२३ मध्ये रामिरेझने हेच अनुभवले. त्याच्या समोर होता मेक्सिकोचा राफाएल एस्पिनोझा, या वजनात अपवादानेच दिसणारा सहा फुटांहून उंच योद्धा. रामिरेझने पाचव्या फेरीत त्याला खाली पाडले, परंतु एस्पिनोझा उठला, ठोशांचा मारा वाढवत गेला आणि अखेरच्या बाराव्या फेरीत त्याने रामिरेझला पाडून बहुमताच्या कौलावर पट्टा नेला. डिसेंबर २०२४ मधील दुसऱ्या लढतीत डोळ्याला इजा झाल्याने रामिरेझने सहाव्या फेरीत माघार घेतली.

वजन चढून केलेल्या लढती तर क्युबन योद्ध्यांना आणखी महागात पडल्या. १२६ पौंडांचा विश्वविजेता गांबोआ जून २०१४ मध्ये १३५ पौंडांत टेरेन्स क्रॉफर्डसमोर उभा राहिला आणि नवव्या फेरीत थांबला. रिगोंदोने डिसेंबर २०१७ मध्ये १२२ वरून थेट १३० पौंडांवर जाऊन युक्रेनच्या वासिल लोमाचेंकोशी लढत घेतली. प्रत्येकी दोन ऑलिंपिक सुवर्णे असलेल्या दोघांची ही जोड. कागदावर यापेक्षा देखणी लढत सापडणे कठीण. पण रिगोंदो ३७ वर्षांचा होता, लोमाचेंको २९ वर्षांचा, आणि वजनाचे दोन गट ओलांडलेले. सहाव्या फेरीनंतर हाताच्या दुखापतीचे कारण देऊन रिगोंदो स्टुलावरून उठला नाही. चाहत्यांनी त्याला पळपुटा म्हटले. मात्र तो या जोडीला आला तो आपल्या वजनात कोणी जोड देत नव्हते म्हणूनच, हे बहुतेकांनी विसरून टाकले.

या पार्श्वभूमीवर शौकिनांच्या आवडत्या काल्पनिक लढतीकडे पाहता येईल. २०१३ चा रिगोंदो आणि २०२३ चा जपानी विजेता नाओया इनोउए, दोघेही १२२ पौंडांत. कोण जिंकेल? इनोउएने डिसेंबर २०२३ मध्ये या वजनातील चारही पट्टे एकत्र केले. त्याच्या ठोशाची ताकद या गटात अपूर्व मानली जाते. पण मे २०२४ मध्ये लुईस नेरी या डावखुऱ्या मेक्सिकन योद्ध्याने पहिल्याच फेरीत डाव्या हाताच्या ठोशाने त्याला खाली बसवले होते, हेही खरे. इनोउएने सावरून सहाव्या फेरीत लढत जिंकली. रिगोंदोही डावखुरा आणि त्याचा डावा हात नेरीपेक्षा कितीतरी अचूक. उंची जवळपास सारखी, वजन सारखे. अशा जोडीत क्युबन योद्ध्याला कमी लेखणे अवघड आहे. उलट तोच रिगोंदो ३७ व्या वर्षी आठ पौंड वर चढवला, तर त्याच्यावर नारळही लावू नये. क्युबन योद्ध्याच्या प्रत्येक जोडीला हीच कसोटी लावावी लागेल. तो आपल्या वयात आणि आपल्या वजनात असेल तर पारडे त्याचे. यांपैकी एक जरी निसटले तर दुसऱ्याचे.

दार उघडले, पण घर रिकामे

एप्रिल २०२२ मध्ये क्युबाने साठ वर्षांची बंदी सैल केली. मेक्सिकोतील एका प्रवर्तक कंपनीशी करार झाला आणि मे २०२२ मध्ये क्युबन संघातील योद्धे मेक्सिकोत अधिकृतपणे व्यावसायिक लढतींत उतरले. कमाईतील ८० टक्के हिस्सा योद्ध्याला देण्याचे ठरले. डिसेंबर २०२२ मध्ये महिलांच्या मुष्टियुद्धालाही परवानगी मिळाली. मेरी कोम २०१२ मध्येच ऑलिंपिक कांस्यपदक घेऊन आली होती, हे लक्षात घेता क्युबाला येथे किती उशीर झाला याची कल्पना यावी.

तोवर गळती लागली होती. त्याच वर्षी क्रूझ देशाबाहेर पडला. पॅरिसमध्ये त्याचे परिणाम दिसले. क्युबाला मुष्टियुद्धात दोनच पदके मिळाली. ६३.५ किलोत एरिस्लांडी आल्वारेझने यजमान फ्रान्सच्या सोफियान ओउमिहाला हरवून सुवर्ण आणले आणि ८० किलोत आर्लेन लोपेझने कांस्य. त्याच स्पर्धेत क्युबात जन्मलेल्या पण इतर देशांकडून खेळणाऱ्या योद्ध्यांनी तीन पदके नेली. अझरबैजानच्या लोरेन आल्फोन्सोने रौप्य, स्पेनच्या एन्मान्युएल रेयेसने कांस्य आणि बल्गेरियाच्या हावियेर इबान्येझने ५७ किलोत कांस्य. क्युबाची शाळा अजून उत्तम माल घडवते. तो विकला जातो मात्र दुसऱ्याच्या दुकानात.

त्यातच ऑलिंपिकने हलक्या वजनांची दारेच कमी केली आहेत. सिडनीत पुरुषांचे १२ गट होते आणि साठ किलोपर्यंत ५ गट होते : ४८, ५१, ५४, ५७ आणि ६०. पॅरिसमध्ये पुरुषांचे एकूण गट ७ आणि साठ किलोच्या आत केवळ दोन, ५१ आणि ५७. रिगोंदोने ज्या ५४ किलोत दोन सुवर्णे जिंकली तो गट पॅरिसमध्ये नव्हता. महिलांना समान संधी देण्यासाठी पुरुषांचे गट कमी झाले, हे न्याय्यच आहे. तथापि कात्री चालवताना ती लहान चणीच्या मुलांवर अधिक चालली, हेही नाकारता येणार नाही.

भारताचा क्युबन धडा

भारतीय मुष्टियुद्धाचा क्युबाशी संबंध जुना आहे. क्युबन प्रशिक्षक बी. आय. फर्नांडिस १९९० मध्ये भारतात आले. भारतीय संघाला घडवण्यातील वाट्याबद्दल त्यांना २०१२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २००८ मध्ये बीजिंगला विजेंदर सिंगने भारताला मुष्टियुद्धातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तेव्हा उपांत्य फेरीत त्याला रोखले ते क्युबाच्याच एमिलिओ कोरेआने. २०२३ मध्ये ताश्कंदच्या जागतिक स्पर्धेत ५७ किलोत भारताच्या मोहम्मद हुसामुद्दीनची उपांत्य लढत क्युबाच्या सायदेल होर्ताशी ठरली होती. गुडघ्याच्या दुखापतीमुळे हुसामुद्दीनला ती न लढताच कांस्यावर थांबावे लागले.

मराठी नावेही या गटांत आहेत. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये भारताकडून शाहूराज बिराजदार यांनी बँटमवेट आणि मनोज पिंगळे यांनी फ्लायवेट गटात भाग घेतला. पिंगळे यांना पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये ध्यानचंद पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या तीन मानकऱ्यांत बिराजदार यांचे नाव होते. उमरगा-निलंगा पट्ट्यात घरोघर सापडणारे हे आडनाव ऑलिंपिकच्या यादीत होते, हे नव्या पिढीतील किती जणांना ठाऊक असेल? २०२२ मध्ये पुण्याच्या देविका घोरपडे हिने ५२ किलोत युवा जागतिक विजेतेपद मिळवले. ही सारी नावे हलक्या वजनाची आहेत.

५७ किलोच्या मुलाने काय करावे?

आता प्रश्न जिल्ह्याचा. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १६ लाख ५७ हजार लोकसंख्येच्या, पावसाची नेहमीच वाट पाहणाऱ्या धाराशिवने क्रीडाक्षेत्रात नाव केले ते खो-खोमध्ये. सारिका काळे हिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, त्यामागे क्युबासारखीच लहान वयात निवड आणि रोजचा सराव यांची शिडी आहे. चपळाई, झटकन दिशा बदलणारे पाय आणि अंतराचा अचूक अंदाज, हे खो-खोचे भांडवल हलक्या वजनाच्या मुष्टियुद्धाचेही भांडवल आहे. मुलांची वाण या जिल्ह्याला नाही.

वाण आहे ती वजनाला मान देण्याच्या सवयीची. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवमध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि शिवराज राक्षे विजेता ठरला. गदा, जीप, मिरवणूक, बातम्यांचे मथळे सारे केसरी गटाचे. त्याच मैदानात ५७ आणि ६१ किलोच्या कुस्त्याही झाल्या. त्यांतील विजेत्यांची नावे आज कोणाला सांगता येतील? स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी आणले ते बँटमवेट गटात, ५७ किलोत. शेजारच्या बीड जिल्ह्यातील राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य मिळवले. महाराष्ट्राची जागतिक पातळीवरील ही पदके हलक्या वजनाची, आणि आपला सारा कौतुकसोहळा मात्र जड वजनाचा, हा विरोधाभास क्युबन योद्ध्यांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेहून फार वेगळा नाही.

क्युबाकडून घ्यायचा धडा म्हणूनच दुहेरी आहे. शिडी कशी बांधावी हे त्या देशाकडून शिकावे. शिडीच्या वरच्या टोकाला कुलूप लावले की काय होते, हेही त्याच्याकडूनच शिकावे. हलक्या वजनाच्या मुलाचे उमेदीचे दिवस सोळा ते अठ्ठावीस वर्षांपर्यंतचे. त्यांतील चार-पाच वर्षे निवडीच्या वादात, संघटनांच्या भांडणात किंवा “आधी वजन वाढव, मग बघू” या सल्ल्यात गेली, तर ती परत मिळत नाहीत. पुण्याच्या लष्करी क्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी या वजनांना रीतसर वाट आहे. ती वाट तालुक्याच्या गावातल्या चौदा वर्षांच्या मुलाला वेळेत दाखवणारा माणूस हवा, आणि जत्रेच्या पंचमंडळींनी शेवटच्या कुस्तीच्या इनामातला थोडा वाटा पहिल्या तासातील हलक्या कुस्त्यांकडे वळवायला हवा.

कोण कोणाला हरवील, हा वाद चालू राहील आणि तो चालू राहावा. खेळाला त्यानेच रंग चढतो. मात्र रिओत रामिरेझ जिंकला आणि पट्टा स्टीव्हन्सनने आधी नेला, हा निकाल कोणत्याही पंचाने दिलेला नव्हता. तो दिनदर्शिकेने दिला होता. आपल्याकडील ५७ किलोच्या पोरांबाबत तोच निकाल लागू द्यायचा की नाही, हे अद्याप आपल्या हाती आहे.